बेळगाव भागात सेंद्रिय भाजीपाला अन् किडीचा बंदोबस्त: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मार्कंडेय नदीच्या बाजूला आमची ३० गुंठे भाजीची जमीन आहे, कोबी, टोमॅटो, वांगी, मिरची, पावसाळ्यात वेलवर्गीय भाज्या आणि थोडी रताळी असं सगळं चालतं. रासायनिक औषध बंद केल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येकजण तेच तेच विचारतो, मग म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. जे मी केलंय आणि जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिलंय.

कोणतं सेंद्रिय औषध मारू? एक नाव सांगा.

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो बघा. एक नाव सांगता येत नाही, कारण मावा, फुलकिडे, शेंडा पोखरणारी अळी, फळमाशी या सगळ्यांची चाल वेगळी, खाण्याची पद्धत वेगळी, जन्मायची जागा वेगळी, मग एका डब्यातून सगळ्यांचा बंदोबस्त कसा होणार. रासायनिकची सवय अशी लागलीय की कीड दिसली की दुकान, दुकानदार देईल ती बाटली. सेंद्रियमध्ये आधी शेतात जायचं, पान उलटं करून बघायचं, कुठली कीड आहे, किती आहे, तिला खाणारं कोण आलंय का, आणि मग ठरवायचं. मी आठवड्यातून दोनदा सकाळी फिरतो, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं, २० झाडं बघतो, वहीत लिहितो. यातच निम्मं काम होतंय. फवारणी माझ्या यादीत सगळ्यात शेवटी आहे.

पानावर किडे दिसले की लगेच मारायला नको का?

थांबा, आधी ओळखा. ढालकिड्याची अळी काळी आणि त्यावर केशरी ठिपके, छोट्या सुसरीसारखी दिसते, ती बघून माणसं घाबरतात आणि चिरडतात, आणि ती तर दिवसभर मावा खात असते ओ. पानावर बारीक दोऱ्याच्या टोकाला पांढरं अंडं उभं दिसलं तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या किड्याचं, तेही आपलंच माणूस. माव्याच्या घोळक्यात फुगलेले तपकिरी मणी दिसले तर त्या माव्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीनं अंडं घातलंय, तो मावा मेलेलाच आहे. कोबीच्या पानावर अळीच्या शेजारी पांढरा रेशमी कोष दिसला तर तोही परोपजीवी माशीचा असतो. असली पानं मी तोडत नाही, तशीच ठेवतो. पहिल्या वर्षी मी हे सगळं न बघता निंबोळी मारत सुटलो होतो, मावा कमी झाला पण पंधरा दिवसांत परत आला, कारण त्याला खाणारेही कमी झाले होते.

कोबीला औषधाशिवाय येतंच नाही म्हणतात, खरं काय?

येतं. पण लागणीच्या आधीपासून तयारी पाहिजे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या कडोली, कंग्राळी, उचगाव पट्ट्यात कोबी म्हणजे जीव की प्राण आणि सगळ्यात जास्त विष पण त्यावरच पडतंय. कोबीचा खरा दुश्मन म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पंख मिटून बसला की पाठीवर चौकटी दिसतात, अळी हिरवी, बारीक, हात लावला की तडफडून दोऱ्यानं खाली लोंबकळते. या किडीला इतक्या औषधांची सवय झालीय की जगभर तिच्यावर औषध चालत नाही अशी तक्रार आहे, म्हणजे जो जास्त मारतो त्याच्याकडंच जास्त होते असं म्हटलं तरी चालेल.

बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं यावर मोहरीचा उपाय सांगितलाय आणि तो साधा आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागं मोहरीच्या २ ओळी, एक ओळ कोबी लावायच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे पहिली मोहरी म्हातारी होईपर्यंत दुसरी कोवळी तयार असते. पतंगाला मोहरी कोबीपेक्षा आवडते, अंडी तिथं घालतो, मावाही तिकडंच जातो. मग जास्तीची फवारणी मोहरीवरच करायची. कोबीवर गड्डा धरायला लागला की निंबोळी अर्क ४ टक्के, पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असा, त्यानंतर पंधरा-अठरा दिवसांनी परत. अळी जास्तच असेल तर बीटी पावडर (अळीला मारणाऱ्या जिवाणूची), संध्याकाळी. बीटी अळीच्या पोटात जावं लागतं, त्यामुळं मोठ्या अळीपेक्षा लहान अळीवर जास्त चालतं, आणि म्हणूनच वेळेवर पान उलटून बघायचं.

माझा गड्डा बाजारात दिसायला थोडा खरबरीत असतो, बाहेरच्या दोन पानांना भोकं असतात. ती पानं काढून टाकतो. गोव्याला भाजी नेणारे व्यापारी आधी नाक मुरडायचे, आता दोघं-तिघं ठरलेले आहेत.

निंबोळी अर्क नेमका कसा करायचा? प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

५ टक्के अर्क म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर. १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम. जून-जुलैत झाडाखाली पडलेली पिकलेली निंबोळी गोळा करायची, गर काढून धुवायची, सावलीत वाळवायची, कडक उन्हात नको आणि पोत्यात ओली कोंबायची नाही, बुरशी लागून काळी पडलेली निंबोळी वापरून काही उपयोग होत नाही. फवारायच्या आदल्या संध्याकाळी पावडर फडक्यात बांधून थोड्या पाण्यात भिजत घालायची, सकाळी पिळून पिळून दुधाळ पाणी काढायचं, गाळायचं, त्यात साबण मिसळायचा म्हणजे पानाला चिकटतो, आणि मग पाणी वाढवायचं. १०० लिटरला १०० ते २०० ग्रॅम साधा साबण पुरतो, नाहीतर रिठ्याचं पाणी. त्याच दिवशी संपवायचा, दुसऱ्या दिवशी ठेवायचा नाही.

आणि फवारणी संध्याकाळी. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर खराब होतं, सकाळी मारलं तर दिवसभराच्या उन्हात त्याचा जोर कमी होतो. संध्याकाळी मारायचं दुसरं कारण मधमाशी, भोपळा-दोडका-काकडीच्या फुलांवर तिचं काम असतं, ती नसेल तर फळच धरत नाही.

एक लक्षात ठेवा, निंबोळी मारली की अळी लगेच मरून पडत नाही. तिची खायची इच्छा जाते, कात टाकता येत नाही, पतंग अंडी घालायला टाळतो. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन अळी जिवंत आहे म्हणून "खोटं आहे हे" असं म्हणणारे लई भेटलेत. ४-५ दिवस थांबून नवीन पानांवर खाल्लेलं दिसतंय का ते बघा.

बोअरचं पाणी चालतं का फवारणीला?

पाणी जड असेल तर साबण फाटतो, वर पांढरी साय येते आणि नोझल अडकतं. विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

दशपर्णी अर्कात कुठली दहा पानं? आमच्याकडं सगळी मिळत नाहीत.

कडुनिंब ५ किलो, बाकीची प्रत्येकी साधारण २ किलो: करंज, सीताफळ, एरंड, निर्गुडी, पपई, रुई, गुळवेल, धोतरा, कण्हेर. त्यात हिरवी मिरची २ किलो वाटून, लसूण पाव किलो, शेण ३ किलो, गोमूत्र ५ लिटर, आणि २०० लिटर पाणी. सावलीत ३० दिवस ठेवायचं, रोज दोन-तीनदा काठीनं ढवळायचं, तोंड फडक्यानं बांधायचं. मग गाळून १५ लिटरच्या पंपाला २०० ते २५० मिली. खानापूरच्या बाजूला निर्गुडी, करंज, सीताफळ बांधावर उभे असतात, अथणी-कागवाडकडं कडुनिंब आणि रुई भरपूर. दहाची नऊ झाली म्हणून काही बिघडत नाही, गुरं ज्या झाडाला तोंड लावत नाहीत असं कडू, उग्र पान घ्यायचं हा त्यातला हिशोब.

पण हे "नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक" असं समजू नका, मला ही गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. धोतरा आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत. पानं तोडताना हातमोजे घाला, पिंपाला झाकण ठेवा, पोरं आणि जनावरं लांब ठेवा, त्याच बादलीत नंतर दूध-पाणी घेऊ नका. फवारल्यावर भाजी ४-५ दिवस तोडू नका आणि पालेभाजीवर तर मी दशपर्णी मारतच नाही. मिरची-लसणाचं वाटण करताना डोळ्यांना चष्मा लावा.

निपाणी भागात तंबाखू भरपूर आहे, तंबाखूचं पाणी मारलं तर?

कीड मरते, खोटं नाही. पण निकोटीन कातडीतून अंगात जातं, फवारणाऱ्याला चक्कर, उलटी होते, आणि मित्रकिडीही मरतात. शिवाय टोमॅटो-मिरचीला तंबाखूतून मोझॅकचा विषाणू लागू शकतो, तो एकदा आला की त्याला औषध नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र पाहिजे असेल तर आधी तपासणीवाल्यांना विचारल्याशिवाय तंबाखू वापरू नका. मी वापरत नाही. तंबाखूच्या पाल्याला हात लावला असेल तर मिरचीच्या तरूला (रोपाला) हात लावण्याआधी साबणानं हात धुतो.

वांग्यातली अळी कशानं जाते? जवारी वांगं लावलंय, सगळं किडकं निघतंय.

या अळीला आत शिरल्यावर बाहेरून काहीच पोचत नाही, ना रासायनिक ना सेंद्रिय. म्हणून शिरायच्या आधीच काय ते करायचं. कोवळा शेंडा मान टाकून वाळलेला दिसला की आत अळी आहे, तो शेंडा अर्धा-पाऊण इंच खालून कापायचा, पिशवीत गोळा करायचा आणि पुरायचा किंवा जाळायचा. बांधावर टाकला की अळी बाहेर येऊन कोष करते आणि पतंग परत आपल्याच वांग्यावर. दर आठवड्याला एकदा शेंडे कापणी, फुलं यायच्या आधीपासून. मग एकरी ५ कामगंध सापळे नजर ठेवायला, पतंग धरून कमी करायचे असतील तर ४० पर्यंत लावतात, आणि ल्यूर (सापळ्यात ठेवायची गंधाची गोळी) वांग्याच्या अळीचीच मागा, दुकानदार टोमॅटोच्या अळीची हातात देतो, ती काही कामाची नाही.

आणखी एक, आपल्याकडं जुनी वांग्याची झाडं उपटून जळणाला घराशेजारी रचून ठेवायची सवय आहे. त्या वाळक्या झाडांतून महिनाभर पतंग बाहेर पडत राहतात. दोन वर्षं आमच्या वांग्याला तिथूनच त्रास होता, आईला हे पटवायला मला जास्त वेळ लागला, आता झाडं लगेच खड्ड्यात जातात. शेजारच्या दोन शेतांनीही शेंडे कापले तर फरक लगेच दिसतो, एकट्यानं केलं तर अर्धाच.

टोमॅटोला झेंडू लावतात तो कशासाठी?

दर १६ ओळींमागं झेंडूची एक ओळ. उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू घ्यायचा, टोमॅटोचं तरू २५ दिवसांचं आणि झेंडूचं ४० दिवसांचं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलाकडं ओढला जातो. झेंडूच्या मुळांमुळं जमिनीतले सूत्रकृमीही (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) कमी होतात. फुलं दसऱ्या-दिवाळीला विकली जातात हा वरचा फायदा.

पानात पांढरे फुगे-चट्टे आणि फळाच्या देठाजवळ बारीक भोकं दिसत असतील तर ती वेगळी कीड, टुटा, ती २०१४ मध्ये आपल्या देशात पहिल्यांदा सापडली. तिला झेंडूचा उपयोग नाही, तिची वेगळी ल्यूर मिळते, आणि चट्टे पडलेली पानं तोडून पुरायची.

मिरची कोकडतेय, पानं वर वळलीत.

पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड, जाळं विणणारा कोळी नव्हे), एवढं आधी बघा. संकेश्वरी मिरचीवाल्यांना गेल्या काही वर्षांत फुलकिड्यांनी लई रडवलंय, २०२१ च्या हंगामात तर दक्षिणेत सगळीकडं एक नवीन जातीचे काळसर फुलकिडे आले, फुलात घोळक्यानं बसणारे, आणि ज्यांनी जास्त जालीम औषधं मारली त्यांच्याकडंही ते थांबले नाहीत.

मी काय करतो ते सांगतो. रोपवाटिका बारीक जाळीत, ४० मेशची. लागणीच्या महिनाभर आधी प्लॉटच्या चारी बाजूनं मका किंवा ज्वारीच्या २-३ दाट ओळी, वाऱ्याबरोबर येणारी कीड तिथं अडकते. मक्यावर लष्करी अळी येते, २०१८ मध्ये शिवमोग्ग्याला पहिल्यांदा सापडली तीच, तर मक्याच्या पोंग्यातही बघत राहायचं. जमिनीत एकरी १०० किलो निंबोळी पेंड. निळे चिकट सापळे फुलकिड्यांना, पिवळे पांढऱ्या माशीला, एकरी दहा-पंधरा पुरे, जास्त लावले तर त्यात मित्रकिडीही चिकटतात. विकतचे परवडत नसतील तर डब्याचं झाकण पिवळं रंगवून एरंडेल तेल लावा. मग निंबोळी अर्क आणि व्हर्टिसिलियम (किडीला मारणारी बुरशी) आलटून पालटून. उन्हाळ्यात धुळीनं कोळी वाढतो, संध्याकाळी नुसत्या पाण्याचा फवारा पानाखालून मारला तरी कमी होतो.

ब्युव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम यांचा काही उपयोग होत नाही, मी मारून बघितलंय.

दुपारी मारलं होतं का? हे जिवंत बुरशीचे बीजाणू आहेत, ऊन आणि कोरडी हवा त्यांना सोसत नाही. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, हवेत ओल असताना. खानापूर-जांबोटीकडच्या दमट हवेत हे फार चांगलं चालतं, मार्च-एप्रिलला रायबागच्या उन्हात तेवढं नाही. बुरशीनाशकाच्या पंपातून मारू नका, पंप वेगळा ठेवा.

आणि माल कुठला घेतला ते बघा. मला एका दुकानातून मुदत संपलेला, उन्हात ठेवलेला पुडा मिळाला होता, पैसे आणि हंगाम दोन्ही गेले. डब्यावर नोंदणी क्रमांक, उत्पादन तारीख, सीएफयूचा आकडा (जिवंत बीजाणू किती ते) हे तिन्ही बघा. "शंभर टक्के हर्बल, सगळ्या किडींवर, एका रात्रीत" असं लिहिलेली नोंदणी नसलेली बाटली घेऊ नका, त्यात रासायनिकच मिसळलेलं असायची शक्यता असते आणि सेंद्रिय म्हणून आपणच लोकांना विष खाऊ घालतो.

दोडका, कारली, काकडी वाकडी होऊन सडतात.

फळमाशी. माशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळी आत, कोष जमिनीत. सडलेलं फळ शेतात टाकलं की पुढची पिढी तयार, म्हणून रोज गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरा. क्यू-ल्यूरचे (वेलभाजीच्या फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे एकरी ५ ते १०, फुलं लागताच. आंब्याच्या फळमाशीचं मिथाईल युजेनॉल वेलभाजीला चालत नाही, हे दुकानात विचारून घ्या. घरच्या चार वेलांना असेल तर फळ बोटाएवढं झाल्यावर कागदाच्या पिशवीनं झाकलं तरी पुरतं. तांबडे भुंगेरे कोवळ्या रोपावर आले तर सकाळी दवात चाळलेली राख भुरभुरा, पण रोज नको.

रताळ्यात भुंगा लागतो.

त्याच रानात दरवर्षी रताळी घेऊ नका, वेल भुंग्याच्या रानातला आणू नका, आणि माती भेगाळली की लगेच भर लावा. भुंगा भेगेतूनच कंदापर्यंत जातो. काढणी लांबवू नका.

पावसाळ्यात फवारलेलं सगळं धुऊन जातं, मग?

मग फवारूच नका, त्या दिवसांत हातानं करायची कामं करा. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाला टाकायची, सकाळी खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात. वळीव पडला की हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगे कडुनिंब, बाभळीवर रात्री साडेसात ते नऊच्या सुमारास येतात, फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे मे-जूनमध्ये गावानं मिळून केलं तर ऊसवाल्यांचाही फायदा होतो. कच्चं शेणखत रानात घालू नका, भुंगे त्यातच अंडी घालतात.

जीवामृत मारलं की कीड जाते का?

नाही. जीवामृत जमिनीसाठी आहे. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन १-२ किलो, बांधावरची मूठभर माती, ढवळत दोन-तीन दिवसांत तयार, आठवड्याच्या आत वापरायचं, एकरी एवढं. रोप धष्टपुष्ट झालं की कीड सोसतं, आणि युरिया देऊन लुसलुशीत केलेल्या पानावर मावा जास्त येतो, एवढाच संबंध. कोथिंबीर, मेथी, मुळ्याच्या पानांवर जीवामृत फवारू नका, ताज्या शेणातले जंतू कच्च्या भाजीतून पोटात जातात. जमिनीत द्या.

शेजारी रासायनिक मारतो, माझं सेंद्रिय कसं राहणार?

मधे शेवरी किंवा नेपियर गवताची उंच दाट ओळ, आणि बोलणं. मी शेजारच्या काकांना वारा आमच्या बाजूला असेल तेव्हा सांगा एवढंच म्हटलं, ते आता सकाळी फोन करतात. बांधालगतची दोन ओळ भाजी मी सेंद्रिय म्हणून विकत नाही.

प्रमाणपत्र लागतं का?

ओळखीच्या लोकांना दारात विकायला नाही लागत. बाहेर लेबल लावून विकायचं तर दोन वाटा आहेत, निर्यातीसाठी एनपीओपी (केंद्र सरकारची, मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणीची पद्धत) आणि गावातल्या शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची तपासणी करायची पीजीएस. छोट्या शेतकऱ्याला पीजीएस सोपं. पहिली दोन-तीन वर्षं रूपांतराचा काळ धरला जातो, म्हणजे आज बंद केलं म्हणून उद्या सेंद्रिय लिहिता येत नाही. त्या काळात उत्पन्न कमी येतं, म्हणून सगळं रान एकदम घेऊ नका, ५ गुंठ्यांपासून सुरू करा.

आपल्या भागात माहिती कुठं मिळते? कन्नड वाचता येत नाही.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात ट्रायकोडर्मा (रोग दाबणारी उपयोगी बुरशी), निंबोळी तेल असलं काही काही सवलतीत येतं, स्टॉक असेल तसं. उतारा, आधार आणि एफआयडी (शेतकरी ओळख) नंबर घेऊन जा. भाजीपाल्याच्या योजना बागायत खात्याकडं, आपण सगळे तोटगारिके म्हणतो ते. कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यात दोन आहेत, बैलहोंगलजवळ मत्तीकोप्पला आणि गोकाकजवळ तुक्कानट्टीला. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा एकदा तरी बघून या. अर्ज कन्नडमध्ये असतो, पण तिथं मराठी समजणारं कोणी ना कोणी भेटतंच, आणि किडलेलं पान पिशवीत घालून दाखवलं की भाषेची अडचण फारशी येत नाही, मी तसंच केलंय.

टिळकवाडीत टेरेसवर कुंड्या आहेत, जास्वंदीला आणि मिरचीला पांढरा कापूस लागलाय.

तो पिठ्या ढेकूण, ताई. जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात पुसून काढा, लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणात घोळवून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. दुपारी नको, पानं करपतात. कुंडीवर मुंग्या चढत असतील तर आधी त्या थांबवा, त्याच त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतात.